एक थेंब खोबरेल आणि दोन पंखे

तेल एक थेंब होते. हे आधी नोंदवून ठेवतो, कारण गेल्या वर्षभरात आमच्या नातेवाइकांत या थेंबाचा चमचा झाला, चमच्याची पळी झाली, आणि परवा पुण्यास एका मुंजीच्या पंगतीत माझ्याच मुलाने, मी चार पाने सोडून बसलेलो असताना, "आमच्या बाबांनी लॅपटॉपमध्ये वाटीभर खोबरेल ओतलं," असे सांगून शेजारपाजारची माणसे हसवली. मी गप्प राहिलो. पानावर बसून वाद घालू नये, एवढी शिस्त मी पाळतो. परंतु आज हसण्यावारी नेलेली गोष्ट पाच वर्षांनी खरी म्हणून परत येते, हे मी आयुष्यात इतक्या वेळा पाहिले आहे की आता गप्प राहणे हा मला आळस वाटतो. थेंब एक होता. तो शिवणाच्या सुईच्या टोकावरून सोडलेला होता. आणि तो कोठे पडायला हवा हे मला नेमके ठाऊक होते.

ठाऊक असण्याचे कारणही सांगतो. मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. त्या एकतीस वर्षांत आमच्या प्रयोगशाळेतले एकही उपकरण केवळ 'बिघडले' या एका शब्दावर भंगारात गेले नाही. विद्युतघंटेचा हातोडा मी सायकलच्या आऱ्याच्या तुकड्यातून घडवला. निर्वात पंपाचा कातडी वायसर स्वतः कापून बसवला. मुलांनी पाडलेला तराजू पुन्हा असा तोलला की तपासणीला आलेल्या साहेबांनी तो नवा समजून त्याची पावती मागितली. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही, असे म्हणण्याची पद्धत आहे. मी फुशारकी म्हणूनच सांगत आहे.

लॅपटॉप मूळचा मुलाचा. त्याने नवा घेतला तेव्हा हा मला आणून दिला आणि देताना "तुम्हाला पुरेल" असे म्हणाला. या दोन शब्दांचा मी तेव्हा राग मानला होता. पुढे तो मला खरोखरच पुरला, म्हणून राग सोडून दिला. त्याच्या पोटात दोन पंखे आहेत, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. यंत्राला काम पडले की ते तापते, तापले की पंखे जोराने फिरतात. आणि दूरच्या माणसाचा चेहरा पडद्यावर पाहत त्याच्याशी बोलण्याइतके दुसरे कोणतेही काम या यंत्राला तापवत नाही.

तेच काम मी त्याला रोज देत होतो. सकाळी साडेसात वाजता मी मुरुडला अक्काशी बोलतो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आमचे घर बोर्ली पंचतनच्या अलीकडे, तिचे खाडीच्या पलीकडे. नकाशावर अंगठा ठेवला तर दोन्ही गावे त्याखाली झाकतात. पण दिघीपर्यंत एसटी, दिघीहून बोट, पैलतीरी आगरदांड्याहून रिक्षा, एवढा खटाटोप तिच्या गुडघ्यांना झेपत नाही. तिच्या दोन्ही कानांत ऐकण्याची यंत्रे आहेत. तिच्या लेकाने तिच्या खाटेसमोर टॅब उभा करून दिला आहे, त्यात ती मला पाहते. मला 'अरे' म्हणून हाक मारणारे माणूस आता जगात हे एकच उरले आहे. आणि मला तोंडावर 'चूक' म्हणण्याचा अधिकार मी ज्याला दिला आहे, असेही हे एकच.

आम्ही नुसत्या गप्पा मारत नव्हतो, काम करत होतो. काही वर्षांपूर्वीच्या चक्रीवादळात आमची वाडी आडवी झाली. माड मोडले, पोफळी एकमेकींवर पडल्या, आणि जुने आंबे मुळांसकट उपटून गडग्यावर कोसळले. गडगा म्हणजे आमच्याकडे दगडावर दगड रचून केलेली हद्दीची भिंत. तिचाही अर्धा भाग गेला. नवी रोपे लावण्यापूर्वी जुने झाड न् झाड कोठे उभे होते, कोणी लावले, त्याला काय म्हणत, हे लिहून काढायचे मी ठरवले. रायवळ आंब्याच्या प्रत्येक झाडाला आमच्याकडे नाव असे. शेपूसारखा वास येणारा तो शेप्या, खोबऱ्यासारखा लागणारा तो खोबऱ्या, लहान लहान फळांची ती बिटकी. माझ्या जन्मानंतरची झाडे मला आठवतात. त्याआधीची केवळ अक्काला. मी झाडाचे नाव घ्यायचे, जागा सांगायची, तिने 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणायचे, आणि मी टंकायचे. तिचा होकार मिळालेल्या नोंदीपुढे मी बरोबरची खूण करत असे. ती खूण नसलेली नोंद म्हणजे केवळ माझे मत. अक्काची आठवण गेली तर आमची वाडी दुसऱ्यांदा आडवी होईल, हे आम्हा दोघांनाही कळत होते. तोंडाने कोणी म्हटले नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षी पाऊस सरता सरता लॅपटॉप ओरडू लागला. आधी घोरल्यासारखा, मग पत्र्यावर नख ओढल्यासारखा. माझी पत्नी म्हणाली, "अहो, हा एक दिवस उडून जाईल खिडकीतून." मुलाने फोनवरच निकाल दिला.

"बाबा, तो फेकून द्या. मी नवा पाठवतो."

"चालतोय तो."

"चालतोय कुठे? किंचाळतोय!"

"किंचाळतोय म्हणजे अजून जिवंत आहे."

त्याने तरीही हेडफोन पाठवले. ते मी दोन दिवस लावून पाहिले. अक्काने विचारले, "हे काय, विमान चालवायला लागलास?" ते मी सोसले असते. पण माझी पत्नी रोज माझ्या शेजारी बसून अडकित्त्याने सुपारी कातरता कातरता अक्काशी चार शब्द बोलते. मी कान बांधून बसलो की तिला काहीच ऐकू येईना. तिने तक्रार केली नाही. तिसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. मी हेडफोन परत खोक्यात घातले.

मग मी तपास केला. लाकडी पेन्सिलीचे एक टोक लॅपटॉपच्या पाठीवर आणि दुसरे कानापुढच्या हाडावर टेकवले की कोणता पंखा ओरडतो ते स्पष्ट कळते. ओरडत होते दोघेही, पण निरनिराळ्या कारणांनी. पाठ उघडली तेव्हा उजव्या पंख्यात सुपारीच्या सालाचे बारीक तंतू अडकलेले सापडले. पावसाळ्यात आमच्या पडवीत सुपारी सोलतात आणि माझे टेबल पडवीच्या खिडकीला लागून आहे. रंगाच्या कुंचल्याने ते काढले, उजवा गप्प झाला. डाव्याची मात्र खीळच कोरडी पडली होती. आता, आमच्याकडे जे करकरते त्याला खोबरेल लावतात. दाराची बिजागरी, झोपाळ्याची कडी, शिवणयंत्र, म्हाताऱ्याचे गुडघे, सगळ्यांना एकच औषध, आणि तेही घरच्या माडांचे. मी डाव्या पंख्याचे चाक अलगद उचलले, सुईने एक थेंब सोडला, चाक पुन्हा बसवले आणि यंत्र चालू केले.

काहीही ऐकू आले नाही. मी वाकून पाहिले, पंखा फिरत होता.

दहा आठवडे ही शांतता टिकली, हे मुलाच्या कथेत कधीच येत नाही. त्या दहा आठवड्यांत अक्काची जीभ तलवारीसारखी चालत होती. दर तिसऱ्या झाडाला ती मला अडवी.

"जांभूळ, विहिरीच्या उजव्या हाताला," मी म्हणे.

"चूक. उजव्या हाताला ते रामफळ, तू ज्यावरून पडलास ते. जांभूळ डावीकडे."

"मी पडलो नव्हतो. उडी मारली होती."

"दोन दात पाडून?"

माझी पत्नी अडकित्ता थांबवून हसत असे, आणि मी निमूटपणे जांभूळ डावीकडे नेत असे.

पौषातल्या एका गार सकाळी लॅपटॉप चालू केला, तर पडद्यावर पंखा फिरत नसल्याची सूचना आली आणि यंत्र आपोआप बंद पडले. तीन वेळा तेच. चौथ्या वेळी माझ्या लक्षात आले, आणि जे लक्षात आले त्याची लाज मला अजून वाटते. खोबरेल थंडीत थिजते. हे मी एकतीस वर्षे शिकवले, फळ्यावर 'गोठणबिंदू' हा शब्द लिहून, त्याखाली खोबरेलाच्या बाटलीचे चित्र काढून शिकवले. चूक माझी, ती मी मान्य करतो. पण मुलाने पंगतीत सांगितली ती चूक मी केलेली नाही. थेंब योग्य जागी पडला होता. तो कोणत्या ऋतूपर्यंत साथ देईल याचा विचार मी केला नव्हता, एवढेच.

उपायही मीच शोधला. लॅपटॉप अंगणात, कोवळ्या उन्हात, सुपट्यावर, म्हणजे पाखडायच्या लहान सुपावर, उताणा ठेवला. शेजारच्या वाडीत माझा चुलतभाऊ राहतो. पडलेल्या गडग्यामुळे आमची अंगणे हल्ली एकमेकांना उघडी आहेत. तो दात घासत उभा होता.

"दादा, काय वाळत घातलंय?"

"उपकरण."

"मीठ लावलंत ना? नाहीतर बुरशी धरेल हो."

संध्याकाळपर्यंत बोर्लीच्या बाजारात "सरांनी लॅपटॉप वाळत घातला" हे वृत्त पोहोचले होते. वाळवणे म्हणजे पदार्थातील पाणी काढून टाकणे. मी उष्णता देत होतो. बारा मिनिटांत तेल वितळले, पंखा फिरू लागला, आणि साडेसातऐवजी पावणेआठला का होईना, अक्काशी बोलणे झाले. पुढे महिनाभर हा नित्यक्रम झाला. "लोणच्याला ऊन दाखवतात, तसं याला दाखवा रोज," असे पत्नी म्हणू लागली, आणि पुढेपुढे तीच सुपटे उचलून उन्हात ठेवू लागली.

मात्र थिजून पुन्हा वितळलेल्या तेलात धूळ बसली आणि आवाज पूर्वीहून वाढला. मला तो सोसवत होता. यंत्र चालते आहे ना, मग आवाजाचे काय, असा माझा हिशेब होता. शिवाय याच दिवसांत एक सुखद गोष्ट घडू लागली. अक्का मला चूक म्हणेनाशी झाली.

मी झाड सांगे, ती मान हलवून "हो हो" म्हणे. एकामागून एक खुणा पडत गेल्या. माझी स्मरणशक्ती या वयात इतकी अचूक असावी याचे मला स्वतःलाच कौतुक वाटले, आणि ते मी पत्नीपाशी बोलूनही दाखवले. तिने "असेल," एवढेच म्हटले.

त्या खुणांतली एक खोबऱ्याच्या आंब्याची. या झाडाने बुंध्यात गडग्याचे दगड गिळले होते, पण ते मुळात आत, आमच्या बाजूला होते असे मी म्हणत आलो. चुलतभाऊ म्हणे, बाहेर, आमच्याकडे. झाड पडून गेले होते, गडगा त्याच्याखालीच फुटला होता, तेव्हा वाद फळांचा किंवा लाकडाचा उरला नव्हता. केवळ खरे काय, एवढ्याचा होता, आणि म्हणूनच तो इतकी वर्षे टिकला होता. मी अक्काला विचारले, "खोबऱ्या गडग्याच्या आत होता ना गं, आपल्याकडे?" ती म्हणाली, "हो हो." मी त्याच क्षणी उठून अंगणात गेलो आणि चुलतभावाला हाक मारून निकाल ऐकवला.

त्याने चेहरा पाडला. "अक्का म्हणाली असेल तर मग काय बोलणार," असे म्हणून आत गेला. त्याचा तो पडलेला चेहरा मला त्या दिवशी आवडला होता, हेही येथे लिहून ठेवले पाहिजे.

त्यानंतर अक्काचे बोलणे आखूड होत गेले. दहा मिनिटांत "बरं, ठेवते आता." मग तिच्या लेकाचा फोन आला. "मामा, आई थकते हो. रोज नको, आठवड्यातून एकदा करा." यादीतली अजून निम्मी वाडी शिल्लक होती. आठवड्याला दहा मिनिटे या गतीने ती पुरी व्हायला किती काळ लागेल, हे मी काढून पाहिले आणि कागद चुरगाळला.

त्याच आठवड्यात मी लॅपटॉप पिशवीत घालून बोर्लीच्या बाजारात दुरुस्तीवाल्याकडे नेला, तो केवळ मुलाचे तोंड बंद व्हावे म्हणून. दुरुस्तीवाला माझा जुना विद्यार्थी. आता त्याच्याही कानांवरचे केस पिकले आहेत. त्याने यंत्र चालू केले, आवाज ऐकला आणि उघडून पाहण्याचेही कष्ट न घेता म्हणाला, "सर, दोन्ही पंखे बदला."

"दोन्ही का? उजवा ठणठणीत आहे."

"जोडीनंच बदलतात सर."

"का, बैल आहेत?"

दुकानात बसलेली दोन गिऱ्हाइके हसली. तो म्हणाला, "खारा वारा सर. इकडे काही टिकत नाही."

"खाऱ्या वाऱ्याने गेले असते तर आधी स्क्रू गंजले असते. हा बघ स्क्रू. चकाकतोय."

"सर, तुम्ही वर्गातही असंच करायचात. उत्तर बरोबर आलं तरी विचारायचात, कसं आलं."

"मग सांग, कसं आलं."

त्याने हात जोडले. मी लॅपटॉप पिशवीत घालून घरी आलो. तेव्हा माझा निर्णय पक्का होता: पंखे बदलायचे नाहीत. चालते यंत्र उघडून त्यातला चालता भाग फेकणे हे मी कधी केले नव्हते.

माघात मी मुरुडला गेलो. अक्का खरोखर थकली आहे की माझ्यावर रुसली आहे, हे मला तिच्या तोंडून ऐकायचे होते. बोटीत वारा होता, पण पाणी शांत होते. अक्का खाटेवर बसून लसूण सोलत होती आणि थकल्याचे एकही लक्षण दिसत नव्हते. मी समोर बसलो, पाणी प्यालो, आणि तिने पहिला प्रश्न विचारला.

"अरे, तुझा तो पंप दुरुस्त झाला का?"

"कुठला पंप?"

"सकाळी लावतोस तो. तुझं तोंड हलताना दिसतं आणि पंप ऐकू येतो. मी म्हटलं, वाडीचं शिपणं चालू असेल."

"आमच्याकडे सकाळी पंप नसतो."

"मग गिरणी घातलीस का?"

मी तिला समजावू लागलो की तो लॅपटॉपचा पंखा आहे, पण एवढा मोठा काही त्याचा आवाज नाही. ती लसणाची पाकळी माझ्याकडे रोखून म्हणाली, "तू इथे बस. माझ्या जागी. आणि तिला लाव म्हणावं."

मी पत्नीला फोन करून सांगितले, लॅपटॉपला ऊन दाखव आणि अक्काला लाव. मी अक्काच्या खाटेवर, तिच्या उशीला टेकून बसलो. काही वेळाने टॅबवर आमची खोली आली, माझी खुर्ची आली, आणि माझ्या खुर्चीत पत्नी. तिने तोंड उघडले आणि खोलीत खडीचा ट्रक रिकामा होऊ लागला. त्या घरघरीच्या मधून मधून शब्दांचे तुकडे येत. सुरुवात येई तर शेवट गडप होई. माझे कान शाबूत आहेत. गावात माझ्या वयाच्या कोणाचे नाहीत. तरी मला काही कळले नाही. पत्नी बोलायची थांबली आणि उत्तराची वाट पाहत माझ्याकडे पाहू लागली. तिच्या चेहऱ्यावर इतका विश्वास होता की "ऐकू आलं नाही" हे शब्द माझ्या तोंडी येईनात.

मी मान हलवली आणि म्हणालो, "हो हो."

अक्का इतकी हसली की लसणाची साले खाली उडाली. मी मात्र हसलो नाही, कारण माझ्या डोळ्यांपुढे यादी उभी राहिली. पौषापासूनच्या त्या सगळ्या खुणा.

"अक्का," मी म्हणालो, "तुला ऐकू येत नाही हे मला सांगितलं का नाहीस?"

"तू सांगितलंस का, तुझं यंत्र बिघडलंय म्हणून?"

"बिघडलं नव्हतं. आवाज करत होतं."

"माझेही कान बिघडलेले नाहीत. कमी ऐकतात." मग परातीतल्या पाकळ्या एका बाजूला सारत, माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "ऐकू येत नाही म्हटलं ना, की माणसं बोलायचीच थांबतात रे. मान हलवली की निदान बोलत राहतात. तूही बोलत होतास. किती छान दिसत होतास, सगळं बरोबर असल्यासारखा."

संध्याकाळी घरी परतलो तेव्हा माझा निळा सदरा दोरीवर नव्हता आणि ओट्यावर एक नवा स्टीलचा डबा होता. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बाई सकाळी दारात आली होती, आणि पत्नीने मला विचारूनच तो सदरा दिला होता. "तुम्हीच तर 'हो हो' म्हणालात," असे ती म्हणाली. तिचे तोंड गंभीर होते. पण मी तिला पन्नास वर्षे ओळखतो.

निर्णय मी परतीच्या बोटीत घेतला. दुरुस्तीवाला आज बाजारात सांगतो की सरांना शेवटी त्याचेच पटले. मुलगा सांगतो की त्याने दम दिला. दोघेही त्या बोटीत नव्हते. मी तोवर एकच प्रश्न विचारत होतो, पंखा चालतो का. आणि त्याचे उत्तर होते, चालतो. एकतीस वर्षे मी मुलांना सांगत आलो की उपकरणाची परीक्षा ते कशासाठी आणले आहे यावरून करा. घंटेचा हातोडा हलतो एवढ्याने भागत नाही, मागच्या बाकावर ऐकू गेले पाहिजे. हे यंत्र अक्काशी बोलण्यासाठी होते, आणि त्या परीक्षेत ते पौषापासून नापास होत होते. नवा लॅपटॉप नको होता, कारण बाकीचे यंत्र उत्तम होते. उजवा पंखाही उत्तम होता. तो आजही माझ्या कपाटात कापसात गुंडाळलेला आहे आणि कोणालाही फिरवून दाखवायला मी तयार आहे. तरी दोन्ही बदलायचे ठरवले. तोही डाव्याच्याच वयाचा, आणि अक्काच्या सकाळींवर मला पैज लावायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. "म्हटलं होतं ना सर, जोडीनंच," दुरुस्तीवाला म्हणाला.

"तू उत्तर सांगितलं होतंस. रीत मी आणली आहे," मी म्हणालो आणि ती त्याला सांगितली. त्याने पंखे मागवले.

ते एसटीच्या पार्सलाने आल्यावर मी त्याच्या स्टुलावर बसून सगळे काम पाहिले. त्याने लहानमोठे स्क्रू एकाच झाकणात टाकले होते. मी ते लांबीप्रमाणे वेगळे केले, कारण लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर खालची पाटी फुटते. डावा पंखा त्याने बसवला. मग पेचकस माझ्यापुढे धरून म्हणाला, "उजवा तुम्हीच बसवा सर, नाहीतर तुम्ही बघताना माझा हात थरथरेल." मी बसवला. हात माझाही थरथरला नाही. या दोन्ही पंख्यांना मी तेल घातलेले नाही आणि घालणार नाही, हे मुलाच्या माहितीसाठी.

फाल्गुनातल्या त्या पहिल्या सकाळी, ऊन न दाखवता, साडेसातच्या ठोक्याला मी अक्काला लावले. पत्नी शेजारी बसली होती. मी तोंड उघडण्यापूर्वीच अक्का थबकली, मान तिरकी केली, आणि म्हणाली, "सुपारी कातरतेय का गं?"

पत्नीचा अडकित्ता हातातच राहिला. "हो, वन्सं," ती म्हणाली, आणि पुन्हा एक खांड मुद्दाम जोरात कातरले.

मी यादी उघडली. पौषापासूनच्या सर्व खुणा आदल्या रात्रीच मी स्वतः पुसल्या होत्या. एकेक नोंद पुन्हा वाचत गेलो. बिटकी, बरोबर. पाणवठ्याचा फणस, चूक, तो बरका नव्हे, कापा. शेप्या, बरोबर, पण लावला आजोबांनी, वडिलांनी नव्हे. दर दुसऱ्या झाडाला ती मला अडवत होती. मी खोडत होतो, लिहीत होतो, आणि इतक्या अभिमानाने मी आयुष्यात कधी चुकलो नव्हतो.

मग खोबऱ्या आला. मी प्रश्न या वेळी तिला उत्तर न सुचवता विचारला. "खोबऱ्या गडग्याच्या आत की बाहेर?"

"बाहेर," अक्का म्हणाली. "काकांच्या बाजूला. झोपाळा बांधायला आपण काकूंची परवानगी मागायला जायचो, विसरलास? तू कधी मागायचा नाहीस. मला पुढे करायचास."

मला काकूंचे दार आठवले, आणि त्या दारात माझ्यापुढे उभी असलेली अक्काची वेणी. मी लिहिले: गडग्याच्या बाहेर. आणि पुढे खूण केली.

बोलणे पुरे तासभर चालले. ते संपल्यावर मी अंगणात गेलो आणि पडलेल्या दगडांपाशी उभा राहून चुलतभावाला हाक मारली. तो चहाचा कप घेऊन बाहेर आला.

"खोबऱ्या तुमचा," मी म्हणालो.

त्याने कप एका दगडावर ठेवला. "हे मी किती वर्षं सांगतोय, दादा."

"तू सांगत होतास," मी म्हणालो. "पण तुझ्याकडे पुरावा नव्हता. माझ्याकडे आहे."